हिशेबातली हवा आणि जव्हारची हवा

इमारत विटामातीने बांधण्यापूर्वी ती संगणकात बांधून पाहण्याची रीत आता आपल्याकडेही रुळू लागली आहे. भिंतींची जाडी, छपराचा प्रकार, खिडक्यांची दिशा, आत वावरणारी माणसे, दिवे, पंखे आणि हवा थंड वा गरम करणारी यंत्रे यांची माहिती संगणकाला पुरवायची आणि वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला खोली किती तापेल, यंत्राला किती वीज लागेल, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचे, असे या रीतीचे स्वरूप आहे. १९७० नंतरच्या तेलटंचाईच्या दशकात अमेरिकेत या शास्त्राला वेग आला. तेथील ऊर्जा खात्याने २००१ साली ‘एनर्जीप्लस’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती आज जगभर विनामूल्य वापरली जाते. भारतात २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, २०१७ साली ती सुधारण्यात आली, आणि मोठ्या व्यापारी इमारतींना आपली काटकसर अशा संगणकीय हिशेबाने सिद्ध करण्याची वाट मोकळी झाली. हिशेबाचा कागद आला की मंजुरीचा शिक्का सुलभ होतो. सरकारी कामकाजात कागदाचे हे माहात्म्य नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, हा कागद आता यंत्राने लिहिलेला असतो आणि म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यास कोणी धजत नाही.

या साऱ्याचा पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. जेथे पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा परतेल याचा नेम नसतो, जेथे निम्म्या वर्गखोल्यांत पंखा फिरला तरी पोरे समाधान मानतात, तेथे वातानुकूलनाच्या गणिताची चिकित्सा कशाला? प्रश्न वाजवी वाटतो. पण तो उलटा आहे. मुंबईच्या काचेच्या कचेरीत हिशेब चुकला तर विजेचे बिल वाढते, आणि बिल भरणाऱ्याला ते परवडतेही. जव्हारच्या आश्रमशाळेचा, मोखाड्याच्या रुग्णालयाचा, एखाद्या पाड्यावरील घरकुलाचा हिशेब चुकला तर चूक दुरुस्त करायला तेथे यंत्रही नसते आणि पैसाही नसतो. ती चूक माणसांच्या अंगावर निघते.

संगणकातील इमारत ‘आजारी’ आहे हे कसे ओळखतात, ते आधी पाहिले पाहिजे. प्रणाली चालवली की ती आपल्या तक्रारींची एक यादी देते. काही तक्रारी निव्वळ इशाऱ्याच्या, काही गंभीर, आणि काही घातक. घातक तक्रार असली की हिशेब तेथेच थांबतो. म्हणून ती सर्वांत कमी धोक्याची. ती दुर्लक्षून पुढे जाताच येत नाही. वाहिनीचे एक टोक दुसऱ्याला जोडलेले नाही, खोलीला छप्परच दिलेले नाही, अशा या चुका असतात व त्या तासाभरात सापडतात. इशाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते शेकड्यांनी येतात, आणि शेकड्यांनी आलेली कोणतीही गोष्ट वाचली जात नाही, हा कचेरीतल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. पण याहूनही वाईट चूक ती, जिच्याबद्दल यंत्र एक अक्षरही काढत नाही. भिंत, छप्पर, यंत्र सारे यथास्थित जोडले आहे, आकडे वैध आहेत. फक्त ते या इमारतीचे नाहीत. हिशेब अस्खलित चालतो, रंगीत आलेख उमटतात आणि उत्तर साफ चुकीचे असते.

अशा चुकांत पहिला मान हवेच्या फाईलचा. प्रत्येक हिशेबाला त्या गावाचे वर्षभराचे तासातासाचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा लागतो. भारतासाठी अशा फाइली पन्नासहून अधिक शहरांच्या तयार झाल्या. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, रत्नागिरी आहेत, जव्हार नाही. मग जो कोणी जव्हारच्या इमारतीचा हिशेब करतो, त्याचा हात साहजिकच मुंबईच्या फाईलकडे जातो. जिल्हा कोकणातला, अंतर फारसे नाही, शिवाय संहितेच्या नकाशात दोन्ही ठिकाणे उष्ण-दमट पट्ट्यात मोडतात. चूक कोठे आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

वस्तुतः चूक फार मोठी आहे. सांताक्रूझची हवा समुद्राची हवा आहे. तेथे दुपारी खारा वारा सुटतो आणि उन्हाळ्यातही पारा फारसा चढू देत नाही. पण रात्रीही तो उतरू देत नाही. जव्हार समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत आणि सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून त्याची ख्याती होती ती उगाच नव्हे. एप्रिलात तेथे दुपार मुंबईपेक्षा कडक असते, आणि दिवस मावळला की पठार भराभर निवते. मोखाड्याकडे, सूर्यमाळेकडे चढत गेले की हा फरक अधिकच जाणवतो. म्हणजे जव्हारच्या घराला निसर्गाने एक देणगी दिली आहे: रात्रीची थंड हवा. ती रात्रभर आत घ्यावी, जाड भिंतींत साठवावी आणि दुपारी तिच्यावर निभावून न्यावे. मुकण्यांचा दगडी राजवाडा असो की जुन्या पेठेतील मातीच्या जाड भिंतींची घरे असोत, त्यांचा उन्हाळा याच हिशेबावर निघत आला. संगणकाला मात्र मुंबईची हवा पुरवली की तो निर्विकारपणे सांगतो, रात्री खिडक्या उघडण्याचा उपयोग नाही, भिंती जाड करून फायदा नाही, यंत्र बसवा. पुरवलेल्या आकड्यांवरून तेच खरे ठरते, त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही.

आता उपग्रह आणि गणित यांच्या आधारे जगातील कोणत्याही बिंदूची हवा अंदाजून देणारे तक्तेही विनामूल्य मिळतात, हे खरे. परंतु त्यांचा एकेक चौकोन तीस-पन्नास किलोमीटरचा असतो. एका चौकोनात विक्रमगडचा सखल भाग, जव्हारचे पठार आणि मोखाड्याच्या दऱ्या एकत्र कालवल्या जातात आणि त्यांची सरासरी हाती पडते. सरासरीने या भागाचे काय केले आहे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते, आणि ठाणे-कल्याणच्या नागरी आकड्यांत मिसळलेली जिल्ह्याची सरासरी काही इतकी भीषण दिसत नव्हती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला त्यामागे प्रशासनाच्या अंतराचा हाच प्रश्न होता. हवेच्या सरासरीला तेवढे दुष्परिणाम नाहीत, हे मान्य. पण तिची जात तीच.

दुसरी चूक वेळापत्रकाची. प्रणालीत ‘शाळा’ असा शब्द निवडला की ती गृहीत धरते, मुले सकाळी येतील, सायंकाळी जातील, रात्री खोल्या रिकाम्या राहतील. आश्रमशाळा ही काय वस्तू आहे हे त्या प्रणालीला कोणी सांगितलेले नसते. जेथे मुले दिवसा शिकतात आणि रात्री त्याच आवारात, जागा अपुरी असेल तर कधी त्याच खोलीत निजतात, तेथे माणसांची ऊब चोवीस तास चालू असते. ही ऊब थोडी नव्हे. स्वस्थ बसलेले मूल सुमारे सत्तर-पंचाहत्तर वॅट उष्णता टाकते. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे जवळजवळ तीन किलोवॅटची शेगडी. ती रात्री विझते असे धरून केलेला हिशेब कागदावर सुंदर दिसतो. शिवाय ओलसर श्वास, न वाळलेले कपडे आणि पावसाळ्यातले धुके हेही आत असते. जव्हारला जून ते सप्टेंबर कपडा धड वाळत नाही, हे तेथे नोकरीस राहिलेला प्रत्येक शिक्षक जाणतो.

रुग्णालयाचे उदाहरण याहून नाजूक आहे. लसीचे फ्रीज २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. ते ज्या कोंदट खोलीत ठेवलेले असते तिचे तापमान वाढले की फ्रीजचा श्रम वाढतो, आणि वीज गेली की किती तास तग धरता येईल हेही त्या खोलीवर अवलंबून असते. प्रणालीत मात्र वीज वर्षभर अखंड असते. ८,७६० तासांत एकही तास वीज गेली नाही अशी इमारत मुंबईत कदाचित आढळेल. मोखाड्यात तिची कल्पनाही करवत नाही. हिशेबात वीज खंडित करून पाहणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वेळापत्रकात काही तासांपुढे शून्य लिहायचे असते, इतकेच. ते शून्य लिहिण्याचे कोणाला सुचत नाही, कारण हिशेब करणाऱ्याच्या कचेरीत जनित्र असते.

तिसरी चूक दुरुस्तीच्या नावाखाली होते, म्हणून ती अधिक सावधपणे पाहिली पाहिजे. नेमून दिलेल्या मर्यादेत खोली राहिली नाही असे जे तास, त्यांना या शास्त्रात ‘न भागलेले तास’ म्हणता येईल. अमेरिकन मानकाप्रमाणे असे तास वर्षात ३०० पेक्षा अधिक असू नयेत. हिशेबात ते ९०० निघाले म्हणजे काहीतरी बिघडले आहे, ही खूण झाली, निदान नव्हे. ताप आला म्हणून तापमापकच बर्फात ठेवावा, तसा येथे एक सोपा इलाज आहे: यंत्राचा आकार वाढवत जायचे. दोन टनांचे चार केले, चाराचे सहा केले की न भागलेले तास नाहीसे होतात आणि अहवाल मंजूर होतो. खरे कारण, म्हणजे उघडे पत्र्याचे छप्पर किंवा चुकीच्या दिशेला फिरवलेली इमारत, होते तेथेच राहते. आणि फाजील मोठे यंत्र प्रत्यक्षात काय करते? ते खोली झटकन थंड करते व थांबते. पुन्हा सुरू होते व पुन्हा थांबते. हवेतील ओल काढायला त्याला जो सलग वेळ चालावे लागते, तो मिळतच नाही. भर पावसाळ्यात अशी खोली थंड आणि ओली, दोन्ही होते. मग भिंतीला बुरशी धरते, कपाटातील दप्तरांची पाने चिकटतात आणि जुन्या नोंदवह्या उलगडताना कारकुनाच्या हातात तुकडे येतात. दप्तर कुजल्याचे खापर पावसावर फुटते. पाऊस तर संस्थानच्या काळापासून पडत आला आहे!

गरम करण्याच्या बाजूनेही गंमत होते. ही प्रणाली थंड देशात वाढली. म्हणून कोणी मुद्दाम काढून टाकली नाही तर अनेक नमुन्यांत खोली गरम करणारी यंत्रे आधीच बसवलेली असतात. जव्हारच्या पौषातल्या रात्री पारा उतरला की संगणकातील ही अदृश्य शेगडी पेटते व तिची वीज वर्षाच्या बेरजेत जमा होते. त्यातही थंड करण्याचे आणि गरम करण्याचे नेमलेले अंश एकमेकांना अगदी खेटून दिले असतील तर ती दोन यंत्रे एकाच दिवसात आळीपाळीने परस्परांचे काम खोडून काढतात. बेरीज फुगते. तिच्याशी तुलना करून नव्या इमारतीत किती बचत झाली, हे ठरवले जाते! जव्हारला थंडी वाजत नाही असे नव्हे; आश्रमशाळेतील मुलाला त्या रात्री एक जादा घोंगडी आणि सकाळी कढत पाणी हवे असते. त्या पाण्याचा हिशेब मात्र बहुधा कोणी मांडत नाही.

सूर्यही या चुकांत सामील होतो. उत्तरेची भिंत सावलीत राहते, हा थंड देशांतला धडा येथे तसाच घेतला जातो. जव्हार कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि मग दोन महिने तो दुपारीही किंचित उत्तरेकडून तळपतो. ढगांनी झाकण्यापूर्वीच्या मे-जूनच्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीला छज्जा नसेल तर ऊन आत येते. शून्य सावलीचा दिवस पाहायला शाळेची मुले काठी रोवतात. वास्तुविशारदांनी ती काठी एकदा पाहायला हरकत नाही.

आता घरकुलांकडे वळले पाहिजे, कारण माणसे अखेर तेथे राहतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची जुनी घरे कारवीच्या कुडाची, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा नळीची कौले. ही घरे स्वर्ग होती असे मानण्याचे कारण नाही. ती गळत, दरवर्षी शाकारावी लागत, आगीला व विंचूसापाला भीत. आणि पक्क्या घराची आस धरणाऱ्याला कुडाच्या सौंदर्याचे पाठ देण्याचा अधिकार सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांना नाही. पण एक गोष्ट त्या घराला साधली होती. त्याचे छप्पर तापत नव्हते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा आहे. राज्याची शबरी योजना आहे, कातकऱ्यांसाठी २०२३ पासून जनमन योजना आहे. पैसा मोजका, आणि तो संपत आला की वर पत्रा पडतो.

पत्र्याचा हिशेब करायला संगणकही लागत नाही. एप्रिलची दुपार, बाहेर ३६ अंश, वर लख्ख ऊन. पत्र्याची बाहेरची बाजू साठ अंशांच्या घरात जाते. आत ३४ अंश धरले तरी पंचवीस अंशांचा फरक पडतो. पत्रा उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही; प्रत्येक चौरस मीटरमधून प्रत्येक अंशामागे पाचेक वॅट उष्णता आत झिरपते. पाच गुणिले पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे तीन हजारांहून अधिक वॅट. एक टनाचे वातानुकूलन यंत्र साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे सरकारने दिलेल्या घराचे छप्पर जवळजवळ एक टनाच्या यंत्राचे काम करते. फक्त उलट्या दिशेने. २०१८ च्या इको निवास संहितेने छपरासाठी जी मर्यादा घातली आहे तीप्रमाणे हा दर १.२ वॅटच्या आत हवा. तो पाळला तर तीन हजारांचे साडेसातशे होतात. पण ती संहिता लागू होते ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांना. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्याच्या छपराची काळजी कायद्याने घेतली आहे. ज्याच्याकडे नाही त्याला मोकळे सोडले आहे. पत्र्याखाली बांबूच्या चटईचे छत आणि मध्ये वीतभर पोकळी एवढ्यानेही ही उष्णता निम्म्याच्या आसपास येते, आणि बांबू या तालुक्यांना बाहेरून आणावा लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल. गरीब घरांत यंत्रेच नसतील तर न भागलेले तास मोजायचे कशाच्या आधारे? त्याचे उत्तर देशातच तयार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतील १६ कचेऱ्यांत सहा हजारांहून अधिक जबाब घेऊन २०१४ मध्ये दाखवून दिले की, उघड्या खिडक्यांच्या इमारतीतील भारतीय माणूस बाहेरच्या हवेप्रमाणे जुळवून घेतो. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर आतले २९ अंश त्याला सुसह्य वाटतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे तत्त्व आले. म्हणजे २४ अंशांचा आग्रह न धरताही वर्षातील किती तास खोली सुसह्य होती, हे यंत्राशिवायच्या घरालाही मोजून सांगता येते. घरकुलाच्या नमुना-नकाशाला मंजुरी देताना हा एक आकडा मागितला तर बिघडेल काय? सार्वजनिक बांधकाम खात्याचे नमुना-नकाशे एकदा काढले जातात आणि शंभर ठिकाणी उभे राहतात. त्यांचा हिशेब एकदाच नीट करायचा आहे.

नीट करण्याची पद्धतही जुनीच आहे. निदानाला बसताना आधी सारी यंत्रे काढून टाकावीत आणि एकच खोली घ्यावी. तिच्यात उष्णता कोठून येते व कोठे जाते याची जमाखर्चाची वही मांडावी, आणि ती हाताने केलेल्या गणिताशी जुळते का ते पाहावे. अशा हस्तगणिताचे सविस्तर मार्गदर्शन भारतीय मानक ब्यूरोच्या १९८७ च्या हस्तपुस्तकात मिळते. खोली जुळली की मग एकेक यंत्र जोडावे व प्रत्येक पावलाला पुन्हा तपासावे. अखेरीस प्रत्यक्ष उभ्या असलेल्या एखाद्या इमारतीची मोजमापे घेऊन संगणकाचे उत्तर त्यांच्याशी ताडावे. अमेरिकेत २००८ साली १२१ हरित प्रमाणित इमारतींची अशी ताडणी झाली, तेव्हा सरासरी बरीचशी जुळली. पण एकेकटी इमारत घेतली तर कोठे अंदाजाच्या निम्मी वीज, तर कोठे दुपटीहून अधिक. तेथे हिशेब करणारे तज्ज्ञ होते, साधने होती, आणि निदान हवेच्या फाइली तरी जवळपासच्या होत्या.

जव्हार-मोखाड्यात सर्वांत दुर्मीळ आहे ती ही शेवटची पायरी, आणि सर्वांत स्वस्तही तीच. तापमान व आर्द्रता तासातासाला नोंदवणारे खिशाएवढे यंत्र आज थोडक्या हजारांत मिळते. तेही नसेल तर प्रयोगशाळेतला ओला-सुका तापमापक आहे. एक आश्रमशाळेच्या झोपण्याच्या खोलीत, एक पत्र्याच्या घरकुलात, एक कुडाच्या घरात आणि एक बाहेर सावलीत, अशा चार नोंदी वर्षभर झाल्या तर मुंबईची फाईल जव्हारला किती लागू पडते याचा निकाल लागेल. ऊन उपग्रहावरून मिळते, वाऱ्याचे एक चक्र शाळेच्या गच्चीवर बसवता येते. भूगोल आणि पदार्थविज्ञान शिकवणारे शिक्षक दोन्ही तालुक्यांत आहेत, महाविद्यालये आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. आदिवासी विकास खात्याचे प्रकल्प कार्यालय जव्हारलाच आहे. एखाद्या इमारतीच्या निविदेतील फरशीचा खर्चही याहून अधिक असतो. वर्षाच्या नोंदीला वर्ष लागते, ते मात्र कोणालाही आखडता येणार नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडताना ही यंत्रे भिंतीवर लागली तर त्यापुढच्या मेअखेर जव्हारची स्वतःची हवा हिशेबाला मिळेल. आणि त्यानंतरचा जो पहिला नकाशा मुंबईहून येईल, त्याला ती जोडून परत पाठवता येईल.